घोगऱ्या

मी एक जुना, रंगाचे पोपडे उडालेला लोखंडी डबा आहे, मित्रांनो. कुणी मला बिस्किटांचा समजते, कुणी खिळ्यांचा. खरे तर मी गिटारचा पेडल आहे. गिटारची वायर माझ्या एका कानात शिरते, दुसऱ्या कानातून निघून स्पीकरकडे जाते आणि मधल्या चार बोटांच्या जागेत मी त्या सुरात माझा आवाज मिसळतो. म्हणजे मिसळत असे. आता मिसळत नाही. का मिसळत नाही, तेच सांगायला बसलो आहे. रडगाणे वाटले तर वाटू द्या. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही रडला असता.

माझा जन्म कॅनडातल्या थंडर बे गावात, आर्वो लेह्तोच्या तळघरात झाला. साल १९८५, महिना मार्च, बाहेर कंबरभर बर्फ. आर्वो कागद गिरणीत वायरमन होता. गिरणीतले एखादे यंत्राचे धूड बंद पडले, की साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकच म्हणत, "आर्वोला बोलवा." माणूस मोजके बोलणारा. तरुणपणी फिनलंडहून आला, तेव्हा बोलणे जहाजातच विसरला, असे त्याची बायको हेल्मी म्हणायची. पण त्याच्या हातचे काम कधी परत आले नव्हते आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

त्यांची एकुलती एक मुलगी रित्वा तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला पेडल हवा होता, पण दुकानातला नको होता.

"दुकानातला सगळ्यांकडे असतो, बाबा," ती म्हणाली. "मला तुझ्या हातचा हवाय."

आर्वोने वरवर "बघू" म्हटले आणि त्याच संध्याकाळी गिरणीच्या भंगारातून विजेची एक रिकामी पेटी उचलून आणली. तोच माझा देह. अंगावर गिरणीचा हिरवा रंग होता, तो अजून कोपऱ्यात थोडा शिल्लक आहे. माझ्या पोटात दोन ट्रान्झिस्टर बसवले. ट्रान्झिस्टर म्हणजे वाटाण्याएवढी पत्र्याची टोपी आणि तिला तीन पाय. पहिला साउनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत लटकणाऱ्या जुन्या रेडिओतून काढला. दुसरा गिरणीच्या एका खणात कित्येक वर्षे पडून होता. कुठली वायर कुठे जोडायची, याची आकृती एका मासिकाच्या पानावर होती.

बापलेक दोघे मिळून डाख देत होते. आर्वो तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा.

"ही जुनी जात आहे, रित्वा. उष्णता सोसत नाही. आधी पायाला चिमटा लाव, मग तापलेली सळई टेकव. उष्णता चिमट्यात जाते, जीव वाचतो."

"कळलं रे बाबा. चिमटा, मग सळई. चिमटा, मग सळई. झोपेतसुद्धा म्हणेन आता."

माझ्यातले निम्मे डाख रित्वाच्या हातचे आहेत. आर्वोचे डाख मोहरीएवढे आणि चकचकीत. रित्वाचे म्हणजे नुसते गोळे. तिथे कुणी सुबकपणा शोधू नये.

तिने पहिल्यांदा मला पायाने दाबले आणि तार छेडली, तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आर्वोचा चेहरा पडला. सूर जाडसर उमटायचा, मग घोगरा व्हायचा, मग चिरत जायचा आणि शेवटी हुंदका आवरल्यासारखा मधेच तुटायचा. रडून रडून घसा बसलेला माणूस बोलतो ना, तसा.

"कुठेतरी चुकलंय," आर्वो म्हणाला. "दे इकडे. उघडतो."

"खबरदार!" रित्वाने मला उचलून पोटाशी धरले. "मला असाच हवाय."

"अगं, आवाज फाटलाय त्याचा!"

"मग माझा कुठे गोड आहे? आई म्हणते मी कावळ्यासारखी गाते."

"आई खोटं नाही बोलत."

"बाबा! ते काही नाही, शपथ घे. याच्या आतलं काही बदलणार नाहीस."

"आणि बिघडला तर?"

"बिघडला तर दुरुस्त कर. सुधारू नकोस."

आर्वोने मान हलवली. शपथ झाली. रित्वाने माझे नाव ठेवले घोगऱ्या. चूक खरोखरच होती, मित्रांनो, पण ती काय होती हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. आर्वोच्या डोक्यात मात्र तो किडा कायमचा शिरला.

त्यानंतरची नऊ वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. रित्वा गिटार वाजवायची आणि गायची, तिची मैत्रीण ग्वेन सावचक बेस गिटार वाजवायची, आणि ढोलावर दर वर्षी नवा माणूस असायचा, कारण ग्वेनचे कुणाशी पटायचे नाही. एका खटारा व्हॅनमधून आम्ही ड्रायडेनला जायचो, केनोराला जायचो, खाणकामगारांच्या हॉलमध्ये वाजवायचो. बाहेर उणे तीसचा गारठा असे. माझ्यासारख्यांचा आवाज थंडीने आक्रसतो, अगदी किरटा होतो. म्हणून रित्वा मला सामानात टाकत नसे. कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी धरून नेत असे. ग्वेन चिडवायची, "बाळाला दूध पाजलंस का गं?" रित्वा म्हणायची, "गप बस, त्याला थंडी वाजते."

तिच्या काळजाचे ठोके मी इतक्या जवळून ऐकले आहेत, की आजही मोजून दाखवीन.

केनोरात एकदा एक पोरगेलासा गिटारवाला माझ्यासमोर चक्क गुडघ्यांवर बसला. त्याच्याकडे आठ-आठ चकचकीत पेडल होते. "हा कुठल्या कंपनीचा?" त्याने विचारले. "माझ्या बाबाच्या," रित्वा म्हणाली. मी फुगून टम्म झालो. दोष असलेल्याचेही कौतुक होते, हे मला त्या दिवशी कळले.

रित्वाने एक गाणे केले होते. वसंतात आमच्या मोठ्या तलावावरचा बर्फ फुटतो, त्याचे. गाण्याच्या शेवटी शब्दच नव्हते. एक लांब सूर होता, तो माझा. तो घोगरा होत होत चिरायचा आणि तुटायचा, आणि हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येत नसे. आर्वो मागे भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा असायचा. सूर तुटला की त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. घरी जाताना तो हेल्मीला म्हणायचा, "कुठेतरी चुकलंय त्याच्यात." हेल्मी म्हणायची, "तुझ्या डोक्यात चुकलंय. गाडी बघून चालव."

मग जे सगळ्यांचे होते तेच झाले. ग्वेन लग्न करून विनिपेगला गेली. व्हॅन भंगारात गेली. रित्वा गावातल्या वाचनालयात नोकरीला लागली आणि मी गॅरेजमधल्या एका खोक्यात गेलो. आमची एकच कॅसेट होती, ती व्हॅनमधल्या प्लेअरने केव्हाच चावून टाकली होती. मला ठेवताना रित्वा माझी बॅटरी काढायला विसरली. ती बॅटरी माझ्या पोटात फुटली, पाझरली, हिरवी झाली. अठरा हिवाळे मी त्या गारठ्यात काढले. खोटे कशाला सांगू, मी तिच्यावर रुसलो होतो. वाटायचे, एकदा तरी खोके उघड, बाई.

खोके उघडले ते हेल्मीने. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये. तिने मला हातात घेतले आणि पदार्थाचा वास घ्यावा तसा माझा वास घेतला. मग ती तिथेच बर्फाच्या फावड्यांशेजारी उभी राहून हमसाहमशी रडली. तेव्हा मला कळले की रित्वा गेली. पंचेचाळीस वर्षांची. ऑक्टोबरात. तिच्या शेवटच्या आजारात मी खोक्यात रुसून बसलो होतो.

हॉस्पिटलात तिने आईला सांगून ठेवले होते, हे मी हेल्मीच्याच तोंडून ऐकले. "माझ्या स्मरणसभेत भाषणं नकोत, आई. मला लाज वाटेल. ग्वेनला बोलव. तिला म्हणावं, बर्फाचं गाणं वाजव, माझ्या गिटारवर. आणि घोगऱ्या घे. घोगऱ्या असला की मी असेन." सभा रविवारी दुपारी, फिनिश लोकांच्या हॉलमध्ये होती. हेल्मीने मला तळघरात आणून आर्वोपुढे ठेवले तो शनिवार होता.

"हा मुका झालाय," ती म्हणाली. "उद्यापर्यंत बोलता कर."

आर्वो तेव्हा शहात्तरचा. हात थोडे कापायचे. पण सळई गरम झाली, चष्मा नाकावर चढला, आणि मला जुना आर्वो दिसला. आधी त्याने फुटलेली बॅटरी काढली, माझे पोट ब्रशने घासले, नवी बॅटरी लावली. आवाज नाही. मग त्याने आवाजाचा माग काढायला सुरुवात केली. स्पीकरला एक लांब वायर जोडली आणि तिचे टोक माझ्या पोटात एकेका जागी टेकवत गेला. जिथपर्यंत ऐकू येते तिथपर्यंत अंग धड, जिथून पुढे बंद होते तिथे दुखणे. पहिला ट्रान्झिस्टर, आवाज आला. दुसरा, आला. पायाने दाबायच्या बटणाशी मात्र सामसूम. त्याने हेल्मीची लाकडी विणकामाची सुई घेऊन तिथली वायर हलकेच ढोसली. खर्रर झाले. डाखाला केसाएवढी चीर गेली होती.

त्याने भिंगातून पाहिले आणि तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला असावा.

"हा तुझा डाख, रित्वा," तो पुटपुटला. "गोळा करून ठेवलाय नुसता."

तो गोळा त्याने काढला नाही. फक्त चिरेपाशी सळई टेकवली, इवलासा नवा डाख दिला. मग रित्वाची गिटार मांडीवर घेतली. त्याला वाजवता येत नाही. त्याने अंगठ्याने एक जाड तार नुसती ओढली.

आणि मी बोललो, मित्रांनो! अठरा वर्षांनी. घोगरा झालो, चिरलो, तुटलो.

वर स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडले. हेल्मी सभेसाठी वेलदोड्याचा पाव मळत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी जिन्यात आली आणि मधल्या पायरीवर मटकन बसली.

"परत," ती म्हणाली.

आर्वोने परत तार ओढली. हेल्मीने डोळे मिटले. पिठाचे हात मांडीवर उताणे पडले होते.

"तीच," ती म्हणाली. "तीच रे ती. परत."

असे तिने पाच वेळा करायला लावले. मग नाक पुसत उठली, आर्वोच्या टकलावर पिठाचा हात ठेवला, म्हणाली, "आता ठेव झाकण. कॉफी टाकते." आणि वर गेली. माझा जीव भांड्यात पडला होता. झाकणाचे चार स्क्रू लावायचे राहिले होते, बस्स.

झाकण घ्यायला म्हणून आर्वोने खण उघडला, तर त्यात ते मासिकाचे पान. सत्तावीस वर्षांचे, पिवळे पडलेले. त्याने ते उलगडले. पान सारखे गुंडाळी व्हायला लागले, म्हणून त्याने टेबलावरचा चिमटा उचलला आणि पान दिव्याच्या कडेला अडकवून ठेवले. हो, तोच चिमटा. मग भिंग घेऊन तो ट्रान्झिस्टरची आकृती बघू लागला, आणि तिच्याखालची मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचली. ट्रान्झिस्टर खालून पाहिल्यास पाय असे दिसतात. खालून! त्याने ते वरून समजले होते. पहिल्या ट्रान्झिस्टरवर पाय ओळखायला लाल ठिपका होता, म्हणून तो नीट बसला. दुसऱ्यावर ठिपका नव्हता. तो सत्तावीस वर्षे उलटा बसला होता. उलटा असूनही तो मरत-मरत वाजत होता, आणि ते मरत-मरत वाजणे म्हणजेच मी.

"सापडलं," आर्वो म्हणाला. तोंडावर पाणी मारल्यासारखा तो सरळ बसला. "सापडलं गं, रित्वा."

मी ओरडत होतो. पण मला तार छेडल्याशिवाय आवाज नाही.

त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, मित्रांनो. तुम्हीच सांगा, एका माणसाची मुलगी जाते. डॉक्टर म्हणतात, काही करता येणार नाही. हा आयुष्यभर बिघाड शोधत आलेला माणूस तिच्या खाटेशी रिकाम्या हातांनी बसून राहतो. आणि मग त्याला कळते, की आपण पोरीला दिलेली एकमेव गोष्ट चुकीची बनवली होती, आणि ही चूक आपल्याला काढता येते. आत्ता. पाच मिनिटांत. त्याचे हात शिवशिवले. शपथ त्याला आठवली असेल का? मला वाटते आठवली. पण त्याच्या मनात आले असेल, पोरीला ठाऊक नव्हते म्हणून ती तसे म्हणाली.

त्याने सळई टेकवली. चिमटा पानाला होता.

ट्रान्झिस्टर निघाला, फिरला, परत बसला. दोन्ही वेळा उघड्या पायांना सळई लागली. आर्वोने तार ओढली आणि माझ्या तोंडून एक भरघोस, गुळगुळीत, न तुटणारा सूर निघाला. दुकानातल्या पेडलसारखा. मला माझीच किळस आली.

वरून हेल्मीची हाक आली. "आर्वो? हा दुसरा कुठला काढलास?"

आर्वोचा चेहरा पांढराफटक पडला. "काही नाही, काही नाही," तो घाईघाईने म्हणाला. "होता तसा करतो." आणि त्याने पुन्हा सळई उचलली. आता ती पायाला नुसती टेकली नाही, चिकटून राहिली. चिमटा दिव्यापाशी पान धरून बसला होता. माझ्या आतल्या त्या वाटाण्याएवढ्या टोपीत काहीतरी वितळले. दुखले नाही. फक्त कळले.

त्याने तार ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मग त्याने ती लांब वायर घेऊन नियमाप्रमाणे माग काढला. पहिला ट्रान्झिस्टर, आवाज आला. दुसरा, सामसूम. दुखणे कुठे आहे ते त्याला अगदी अचूक सापडले.

हेल्मी कॉफीचे दोन कप घेऊन जिन्यात आली होती.

"चालू होता ना रे?" तिने विचारले. "मी ऐकला. चालू होता."

"चालू होता."

"मग?"

"त्याच्यात चूक होती, हेल्मी. पहिल्यापासून. मी उलटा बसवला होता."

"कुणाला खुपत होती ती चूक?"

आर्वोने सळईचा प्लग काढला. म्हणाला, "मला."

हेल्मीने दोन्ही कप पायरीवर ठेवले आणि ती वर गेली. दर शनिवारी तापणारा त्यांच्या घरचा साउना त्या शनिवारी तापला नाही. रित्वाच्या दफनाच्या आठवड्यातही तो तापला होता.

रविवारी सकाळी आर्वोने घरातले तीन जुने रेडिओ फोडले. तीन ट्रान्झिस्टर एकामागून एक माझ्यात बसवून पाहिले, सुलटे, उलटे. दर वेळी आवाज आला, पण घोगऱ्या आला नाही. शेवटी त्याने ते सगळे काढले आणि माझा मेलेला ट्रान्झिस्टर परत माझ्यात बसवला. उलटा, पूर्वी होता तसा. या वेळी चिमटा लावून.

हॉलमध्ये ग्वेन विनिपेगहून येऊन थांबली होती. केस पांढरे झालेले, आवाज तसाच चढा. आर्वोने मला तिच्या हातात दिले आणि सरळ सांगितले, "मी मारला त्याला. काल दुपारी." ग्वेनने मला उलटेपालटे करून पाहिले. ती भडकणार, असे मला वाटले. पण तिने मला फक्त कानापाशी धरून हलवले, लहान मुले खुळखुळा हलवतात तसे.

"तिची गिटार मी नाही वाजवणार, काका," ती म्हणाली. "याच्याशिवाय ते गाणं दुसऱ्या कुणाचं तरी होईल. मी माझं बेसचं काम करते. तिची जागा तिचीच राहू दे."

तिने मला मंचाच्या मधोमध ठेवले. वायर नाही, काही नाही. शेजारी रित्वाची गिटार टेकवून ठेवली. ग्वेनने फक्त आपले खालचे सूर वाजवले, आणि जिथे जिथे रित्वा असायची तिथे तिथे ती थांबली आणि तेवढा वेळ रिकामा जाऊ दिला. शेवटचा लांब सूर माझा होता. ग्वेन हात खाली घालून थांबली. दोनशे माणसे माझ्याकडे बघत होती. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. तारेला कुणी हात लावलेला नाही, पोटात जीव नाही, तरी केला. मागे भिंतीशी आर्वो उभा होता. सूर तुटायची वेळ आली, तेव्हा त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला.

त्यानंतर हेल्मी आर्वोशी कामापुरतेच बोलायची. मीठ दे. दार लाव. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो आणि दोघेही माझ्याकडे बघायचे टाळत होते. डिसेंबर असाच गेला. जानेवारीत एका सकाळी आर्वो दफनभूमीत जायला निघाला. तो रोज एकटाच जायचा. कोट घालून, टोपी घालून दाराशी पोचला, तेव्हा हेल्मीने त्याला थांबवले. तिने खिडकीतून मला उचलले, त्याच्या कोटाची वरची बटणे काढली, मला आतल्या खिशात सरकवले आणि बटणे पुन्हा लावली, अगदी गळ्यापर्यंत.

"त्याला थंडी वाजते," ती म्हणाली. "थांब, मी पण येते."

तेव्हापासून मी रोज आर्वोच्या छातीशी असतो. त्याचे ठोके रित्वासारखे नाहीत. मधेच अडखळतात. मी ते सगळे ऐकतो, फक्त ते कुणाला ऐकवणे आता माझ्याने होणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, मित्रांनो. वस्तू बाजूला ठेवाल तेव्हा तिची बॅटरी काढून ठेवा. तापलेली सळई हातात घेण्याआधी चिमटा कुठे आहे ते बघा. आणि तुमच्या घरी कुणी घोगरे असेल, फाटक्या आवाजाचे असेल, पहिल्यापासून थोडे उलटेच बसलेले असेल, आणि तरी वाजत असेल, तर तुमचे हात कितीही शिवशिवले तरी जरा थांबा. हेल्मी पिठाच्या हातांनी बसली होती तसे पायरीवर बसा आणि म्हणा, "परत."

ती पाच वेळा म्हणाली होती. सहाव्यांदा म्हणायला हवे होते.